जंतू खुर्द, जंतू बुद्रुक

"अवसरीचे म्हणजे कुठले? बुद्रुकचे की खुर्दचे?" आंबेगाव तालुक्यात सोयरीक जुळवायची असो की उसाची तोड मिळवायची असो, हा प्रश्न ठरलेला. थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. गंमत अशी की एका जंतूचीही अशीच दोन रूपं आहेत, एक धाकटं आणि एक थोरलं. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि त्याचं नाव क्लॅमिडिया.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या १२ कोटी ९० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, आकडा ८ कोटी २० लाख, तर गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, ७१ लाख. परमा आणि गरमी ही नावं आपल्या पणजोबांनाही ठाऊक होती. क्लॅमिडिया म्हटलं तर पारावरचा माणूस विचारेल, कुठल्या कंपनीचं बियाणं हे?

दोन-तीन दिवसांचा खेळ

जंतू खुर्दचा व्यास साधारण ०.३ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेवर तीन हजार जंतू शेजारी-शेजारी मावतील. या रूपात तो वाढत नाही आणि त्याची विभागणीही होत नाही. पुढची पेशी गाठायची आणि आत शिरायचं, एवढंच त्याचं काम. गर्भाशयाचं तोंड, मूत्रमार्ग, गुदद्वार आणि घसा इथल्या आतल्या अस्तराच्या पेशी त्याला मानवतात.

आत शिरला की तो स्वतःभोवती एक पिशवी करून घेतो. पेशीची पचवून टाकणारी यंत्रणा तिथवर पोहोचत नाही. काही तासांत खुर्दचा बुद्रुक होतो, म्हणजे सुमारे एक मायक्रोमीटरचा. मग एकाचे दोन, दोनाचे चार. ऊर्जेसाठी तो बव्हंशी त्या पेशीवरच जगतो. या बुद्रुकाला बाहेर काढून दुसऱ्या पेशीवर सोडलं तर तो काहीच करू शकत नाही, त्याला आत शिरताच येत नाही. म्हणून वाढ पुरेशी झाली की ही मंडळी पुन्हा खुर्द होतात आणि ४८ ते ७२ तासांत पेशी फुटून शेकड्यांनी बाहेर पडतात. पुढची पेशी, पुन्हा तेच.

१९९८ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा जनुकं निघाली सुमारे ९००. आपल्या आतड्यातल्या साध्या ई-कोलायकडे चार हजारांवर असतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा जंतू जगभर पसरला आहे.

ओरांगउटान, अंडं आणि स्वतःचा डोळा

याचा शोध गुप्तरोगाच्या दवाखान्यात लागलाच नाही. तो लागला डोळ्यांच्या खुपऱ्यांमुळे. खुपऱ्या झालेल्या पापण्या उलट्या करून नीलतुत्थाची कांडी फिरवणारे वैद्य-डॉक्टर ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्या कांडीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी येतं. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपऱ्यांच्या रुग्णांच्या पापणीची खरवड घेऊन ओरांगउटानांच्या डोळ्यांत घातली. ओरांगउटानांचे डोळे आले आणि पेशींच्या आत बारीक ठिपक्यांची पिशवी दिसली. तोच हा जंतू.

दिसला, पण काचेच्या ताटलीत काही केल्या वाढेना. पेशीबाहेर न वाढणारा, म्हणजे विषाणूच असणार, अशी समजूत पुढची पन्नास वर्षं टिकली. शेवटी १९५० च्या दशकात बीजिंगमध्ये तांग फेइफान यांनी त्याला कोंबडीच्या अंड्यात, पिवळ्या बलकाच्या पिशवीत वाढवून दाखवलं. लोकांची खात्री पटेना, म्हणून १९५८ साली त्यांनी तो वाढवलेला जंतू स्वतःच्याच डोळ्यात घालून घेतला. डोळा रीतसर आला. त्यांनी उपचार लांबवले आणि निरीक्षणं टिपली. असला हट्ट आता कुठलीही नीतिसमिती चालवून घेणार नाही, आणि ते बरंच आहे.

१९५९ मध्ये लंडनमध्ये डोळे आलेल्या एका तान्ह्या बाळाच्या आईच्या गर्भाशयमुखातून तोच जंतू सापडला, तेव्हा दोन टोकं जुळली. बाळ जन्मताना त्या वाटेने आलं आणि जंतू डोळ्यांत घेऊन आलं. आज आपल्याला माहीत आहे की याच जंतूचे ए, बी, सी हे प्रकार खुपऱ्या करतात आणि डी ते के हे प्रकार जननेंद्रियांत राहतात. भारताने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम काढली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरल्या नाहीत, असं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. डोळ्यातल्या भावंडाचा बंदोबस्त झाला. खालच्या भावंडाची साधी मोजदादही आपल्याकडे नीट होत नाही.

उन्हाळी लागली म्हणे

सुमारे ७० टक्के बायकांना आणि निम्म्या पुरुषांना या जंतूची लागण झाल्याचं कळतच नाही. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनाही तो संबंधानंतर एक ते तीन आठवड्यांनी होतो. पुरुषाला लघवीला जळजळ, सकाळी टोकाशी पांढुरका चिकटपणा, क्वचित अंडकोशात दुखणं. बाईला अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं.

आता एप्रिलच्या उन्हात उसाला पाणी देऊन आलेल्या गड्याला जळजळ झाली, तर घरातला सल्ला ठरलेला: "उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी पी." बरं, तो सल्ला अनेकदा बरोबरही असतो. पाणी कमी पडलं की लघवी जळजळतेच. भानगड अशी की क्लॅमिडियाची जळजळही काही दिवसांनी आपोआप कमी होते. धन्याच्या पाण्याला श्रेय मिळतं आणि जंतू आपल्या जागी राहतो.

बायकांचं याहून अवघड. "पांढरं जातंय" हे वाक्य जावेला सांगितलं जातं, आशाताईंना कधीमधी, नवऱ्याला बहुधा नाहीच. शिवाय अंगावरून जाण्याचं प्रत्येक कारण गुप्तरोग नसतं. थोडा स्राव तर निसर्गतःच असतो, बुरशीमुळेही होतो. वास, रंग, खाज, दुखणं बदललं की तपासून घ्यायचं. स्वतःच निदान करायचं नाही.

गडचिरोलीची दोन गावं

हे सगळं ऐकीव वाटत असेल तर महाराष्ट्रातलाच पुरावा आहे, आणि तो जगभर गाजलेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावातल्या. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक होता. सरासरी एका बाईला ३.६ आजार. त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? ८ टक्के.

त्या अहवालातला आणखी एक आकडा माझ्या मते सगळ्यांत बोलका: ४५ टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. तोवर जगभर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जायचं. गडचिरोलीने ती समजूत मोडली.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी माहिती आली ती याच वाटेवरची. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. ज्या तक्रारींपायी ही शस्त्रक्रिया सुचवली जाते त्यांत अंगावरून जाणं आणि ओटीपोटात दुखणं नेहमीचं. यातल्या कितीतरी तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होण्यासारख्या असतात.

कोणी आणला? हा प्रश्न सोडून द्या

निदान झालं की घरात पहिला प्रश्न हाच. आणि याचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही. लक्षणं नसताना हा जंतू महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही जास्त राहू शकतो. म्हणजे आज सापडला याचा अर्थ गेल्या महिन्यात काही घडलं असा नाही. लग्नाआधीचाही असू शकतो. कुणाचा, तेही अहवालावर लिहिलेलं नसतं. नवऱ्याचा अहवाल चांगला आला आणि बायकोचा वाईट, म्हणून बायकोवर बोट दाखवायचं, हे तर विज्ञानाला अजिबात धरून नाही. त्याने मधल्या काळात सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने त्याचा जंतू गेलेला असू शकतो.

उपचार मात्र दोघांचे, एकाच वेळी. एकाने गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्याने नाही, की जंतू परत येतो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असंही याचं नाही.

मूल होत नाही या दुखण्याशी याचा थेट संबंध आहे. जंतू गर्भाशयातून वर गर्भनलिकांपर्यंत चढला की तिथे सूज येते, व्रण पडतात, नळ्या चिकटतात. मग गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वाढतो, तो जिवावर बेततो. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोगही असतो, म्हणून दोन्ही तपासावं लागतं. एवढं सगळं असताना जेजुरीचा नवस बोलला जातो सुनेच्या नावाने, गंडेदोरे सुनेच्या दंडाला, आणि मुलाची साधी तपासणीसुद्धा "आमच्यात असलं काही नाही" म्हणून टळते.

पुण्याच्या दोन गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात झालेली पाहणी इथे आठवते. तिचा विषय एचआयव्ही. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांना त्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्ये १३.६ टक्के एचआयव्हीबाधित सापडल्या. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी. नारी ही एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये भोसरीला सुरू झाली, म्हणजे अवसरीकर ज्या पुणे–नाशिक रस्त्याने पुण्याला जातात त्याच वाटेवर. जननेंद्रियांत दुसरा संसर्ग असला की एचआयव्ही शिरणं सोपं होतं, हे आता सर्वमान्य आहे.

पिंपरीचं पेनिसिलिन कुणाला लागतं, कुणाला नाही

भोसरीच्या शेजारी पिंपरी. तिथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. सिफिलिसचा जंतू या औषधापुढे १९४३ पासून आजवर नमतो आहे. ऐंशी वर्षांत त्याला पेनिसिलिनवर मात करता आलेली नाही. औषधांना सरावलेल्या जंतूंच्या जमान्यात हे नवलच. परम्याचा जंतू बरोबर उलट. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लीन, सिप्रो, एकेक औषध त्याने निकामी केलं.

क्लॅमिडियाचा तिसराच प्रकार. पेनिसिलिन दिसलं की जंतू बुद्रुक फुगतो, विभागणी थांबवतो आणि निपचित पडून राहतो. औषध गेलं की पुन्हा कामाला लागतो. म्हणून त्याच्यासाठी डॉक्सिसायक्लीन, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बाईला ते चालत नाही, तिला ॲझिथ्रोमायसिनचा डोस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डबीत ठेवणारे लोक या जंतूचे सगळ्यांत मोठे हितचिंतक.

जाता जाता: गरोदर बाईच्या कार्डावर जी 'व्हीडीआरएल' तपासणी लिहिलेली असते ती सिफिलिसची. त्या तपासणीत वापरला जाणारा कार्डिओलिपिन हा स्निग्ध पदार्थ मूळचा गुरांच्या हृदयातून काढलेला. क्लॅमिडिया त्या तपासणीत दिसत नाही, त्यामुळे "सगळं नॉर्मल आलंय" या वाक्यात तो मोजलेला नसतो.

निजामशहाचा हकीम

गुप्तरोगांच्या इतिहासात जुन्नरकरांचाही थोडा वाटा आहे. १४९० मध्ये निजामशाही उभी राहिली ती जुन्नरात, मग गादी अहमदनगरला गेली. तिथल्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य जायचा-यायचा. तो १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये गोव्यातच औषधींवरचा त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात एक प्रकरण चोपचिनीवर आहे. ही चीनहून येणारी मुळी सिफिलिसवरचा तेव्हाचा नावाजलेला इलाज. आपल्याकडच्या भावप्रकाशातही या रोगावर चोपचिनी आणि पारा सांगितलाय. पाऱ्याने रोग्याचे दात पडायचे ते वेगळंच.

इंग्रजांनी वेगळा उपाय काढला: कायदा. १८६८ च्या कायद्यानुसार देहविक्रय करणाऱ्या बायकांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी. पुणे आणि खडकीच्या छावण्यांत त्यांच्यासाठी वेगळी इस्पितळं. सोल्जरांवर तशी सक्ती नाही. अर्ध्याच लोकांना तपासल्यावर रोग कसा थांबणार? १८८८ मध्ये कायदा गुंडाळला.

गणिताचा प्राध्यापक आणि खटले

मराठीत या विषयावर कोणी तोंड उघडून बोललं असेल तर रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, लंडनमध्ये मेरी स्टोप्सने काढलं त्याच वर्षी. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. या कामापायी नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत.

त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरं द्यायचे, आडपडदा न ठेवता. १९३४ च्या खटल्याला निमित्त झाली ती हीच उत्तरं. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. मला यातली खरी नवलाची गोष्ट वाटते ती कर्व्यांच्या स्वभावाची. हा माणूस पायथागोरस समजावून सांगावा त्या कोरडेपणाने लिहायचा, आणि लोकांना नेमका तो कोरडेपणाच अश्लील वाटला.

कोआला, पोपट आणि मेंढरं

ऑस्ट्रेलियातले कोआला याच कुळातल्या दुसऱ्या क्लॅमिडियाने आंधळे आणि वांझ होतात. अँटिबायोटिक द्यावं तर निलगिरीची पानं पचवणारे त्यांच्या पोटातले जंतू मरतात आणि ते उपाशी मरतात. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे कोआलांच्या लशीला मंजुरी मिळाली. माणसासाठी अशी लस अजून नाही.

पाळीव पोपटांपासून माणसाला न्यूमोनिया देणारा एक क्लॅमिडिया आहे. मेंढ्या-शेळ्यांचे गर्भ पाडणारा आणखी एक आहे, आणि तो गरोदर बाईलाही धोक्याचा. वाड्यावर मेंढी गाभडली तर पोटुशी बाईने तिथे हात लावू नये, ही धनगरांना सांगण्यासारखी गोष्ट.

स्वीडनमध्ये २००६ साली एका भागात क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक घटले. कारण शोधलं तेव्हा कळलं, तपासणी जंतूच्या ज्या तुकड्यावरून त्याला ओळखायची तोच तुकडा गाळलेला नवा प्रकार निघाला होता. रोग पसरतच होता, अहवाल निगेटिव्ह येत होते.

आणि गुडघा. काही जणांना या संसर्गानंतर काही आठवड्यांनी गुडघा-घोटा सुजतो, डोळे लाल होतात. हाडांचा डॉक्टर वेगळा, डोळ्यांचा वेगळा, आणि लघवीची जळजळ दोघांनाही कोणी सांगत नाही.

राखाडी डबा

संडासाच्या भांड्यावरून, टॉवेलवरून, विहिरीत पोहल्याने हा रोग लागत नाही. निरोध नीट वापरला तर धोका पुष्कळ कमी होतो. तपासणीला सुई लागतेच असं नाही. पुरुषाला लघवीच्या नमुन्यावर भागतं, फक्त एरवीपेक्षा उलटं करायचं. नेहमी "मधली धार घ्या" सांगतात, इथे पहिलीच धार हवी, वीस-तीस मिलिलिटर, आणि त्याआधी तासभर लघवी केलेली नको. बायकांचा नमुना बोळ्याने घेतात, तो स्वतःचा स्वतःही घेता येतो.

ही तपासणी सगळीकडे मिळत नाही. म्हणून सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत पडली, सात रंगांच्या सात डब्यांची. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर राखाडी डबा. त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, म्हणजे क्लॅमिडिया आणि परमा दोन्ही एका फटक्यात. जखम असेल तर पांढरा, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळा. औषध फुकट. पद्धत सोयीची खरी, पण लक्षण असेल तरच डबा मिळतो, आणि या जंतूची लागण झालेली निम्म्याहून जास्त माणसं लक्षणाविना हिंडतात.

अवसरीकरांना जवळचं मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर आधी १०९७ फिरवा. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हा मोफत क्रमांक गुप्तरोगांविषयीही माहिती देतो, मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही बुद्रुकचे की खुर्दचे हे तिथे कोणी विचारत नाही.